कॅमेरा घेताय? आधी कमी उजेडात फोटो काढून बघा



कॅमेऱ्याच्या धंद्यात उतरायचं ठरवलं की माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताई, किती मेगापिक्सलचा घेऊ?" कुणाला लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या असतात, कुणाला घरच्या मसाल्याच्या पाकिटांचे फोटो काढून ऑनलाइन विकायचं असतं, कुणाला तहसील कचेरीसमोर पासपोर्ट फोटोचा गाळा टाकायचा असतो. तिघांचा प्रश्न एकच. मी तिघांनाही उलटा एकच प्रश्न विचारते: फोटो कुठल्या उजेडात काढणार?

इथं बहुतेक जण गप्प होतात. कारण कॅमेरा विकणाऱ्यानं हे कधी विचारलेलंच नसतं. खोक्यावर मेगापिक्सल मोठ्या अक्षरात छापलेले असतात, उजेडाबद्दल खोक्यावर काही नसतं.

माझं स्वतःचं दुकान फोटो प्रिंटिंग आणि फ्रेमिंगचं आहे, त्यामुळे कॅमेऱ्याचं खरं रूप मला शोरूममध्ये नाही, प्रिंटरवर दिसतं. गिऱ्हाईक पेनड्राइव्ह देतं, मी फोटो मोठ्या स्क्रीनवर उघडते आणि सांगावं लागतं, "दादा, हा १२ बाय १८ ला चांगला येणार नाही." "अहो, पण मोबाईलवर तर मस्त दिसतोय!" दिसणारच. मोबाईलची स्क्रीन सहा-साडेसहा इंचांची. तोच फोटो १८ इंचांचा झाला की नवरीच्या गालावर रवा सांडल्यासारखा वाटतो आणि नवरदेवाच्या काळ्या कोटावर लाल, निळे, हिरवे ठिपके उठतात.

याला आपल्याकडे कुणी 'ग्रेन्स आले' म्हणतं, कुणी 'फोटो फाटला' म्हणतं. पण फाटणं हे वेगळं दुखणं आहे. कमी पिक्सलचा फोटो ताणून मोठा केला की चौकोन-चौकोन दिसतात, ते फाटणं. त्यावर जास्त मेगापिक्सल हा उपाय आहे. रव्यासारखे दाणे आणि रंगीत ठिपके म्हणजे नॉइज, आणि त्यावर मेगापिक्सल हा उपाय नाही. दोन दुखण्यांना एकच नाव पडलंय, म्हणून लोक खोकल्यासाठी पोटदुखीचं औषध घेऊन येतात. तेही हप्त्यावर.

आमच्या मागच्या एका बॅचमधला मुलगा याच पायी अडकला होता. २४ मेगापिक्सलची चांगली बॉडी, सोबत आलेली किट लेन्स, फ्लॅश घेतलेला नाही. पहिली मोठी ऑर्डर मिळाली. दिवसाचं लग्न उत्तम झालं. आदल्या रात्रीची हळद मात्र घरासमोरच्या मांडवात होती, उजेड म्हणजे पिवळ्या झालरी आणि एक हॅलोजन. अल्बम बघून मुलीच्या वडिलांनी हळदीची पानं बाजूला काढली आणि शेवटचा २० हजारांचा हप्ता अडवून धरला. मुलगा माझ्याकडे आला तो वेगळाच प्रश्न घेऊन: "४५ मेगापिक्सलची बॉडी घ्यायला अजून कर्ज काढू का?"

त्याला काय सांगितलं ते पुढे येईलच. त्याआधी नॉइज येतो कुठून ते समजून घेऊ, कारण ते कळलं की कॅमेऱ्याच्या अर्ध्या जाहिराती आपोआप गळून पडतात.

अंगणातल्या वाट्या

पाऊस भुरभुरायला लागलाय आणि तुम्ही अंगणात एकसारख्या शंभर वाट्या मांडल्यात असं समजा. दोनच मिनिटांत वाट्या आत घेतल्या तर एका वाटीत ८ थेंब असतील, शेजारच्या वाटीत १३, तिसरीत ९. पाऊस सगळीकडे सारखाच होता, तरी वाट्या सारख्या भरल्या नाहीत. त्याच वाट्या तासभर पावसात राहू द्या. आता प्रत्येकीत हजारो थेंब, आणि डोळ्याला सगळ्या सारख्याच भरलेल्या दिसतील.

कॅमेऱ्याचा सेन्सर म्हणजे असंच अंगण, आणि पिक्सल म्हणजे वाट्या. प्रकाशसुद्धा थेंबाथेंबानंच येतो. एका पिक्सलवर सरासरी १०,००० कण पडत असतील तर त्यात साधारण १०० चा चढउतार होतो, म्हणजे १ टक्का. डोळ्याला कळतही नाही. सरासरी १०० च कण पडत असतील तर चढउतार १० चा, म्हणजे १० टक्के. हे दाणे झाले. गणित वर्गमूळाचं आहे. हा कुठल्या कंपनीचा दोष नाही, प्रकाशाचा स्वभाव आहे, त्यामुळे कितीही महागडा कॅमेरा घेतलात तरी कमी उजेडातला हा चढउतार राहणारच.

दुसरा नॉइज कॅमेऱ्याच्या स्वतःच्या पोटातला. सेन्सरवरचा सिग्नल वाचताना सर्किटची थोडी खरखर त्यात मिसळते, आणि सेन्सर तापला की अजून थोडी. भरपूर उजेडात ही खरखर दबून जाते. अंधाऱ्या भागात, म्हणजे काळा कोट, केस, मांडवाचे कोपरे, तिथे ती वर येते. नव्या कॅमेऱ्यांनी खरी प्रगती केली आहे ती इथे.

आता आयएसओ. "आयएसओ वाढवला की नॉइज येतो" हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल. अर्धंच खरं आहे. आयएसओ म्हणजे रेडिओचं व्हॉल्यूम. लांबचं स्टेशन खरखरत लागतंय, तुम्ही आवाज वाढवला, तर गाणंही मोठं झालं आणि खरखरही. खरखर व्हॉल्यूमच्या बटणानं तयार केली नाही, सिग्नलच कमकुवत होता. कॅमेऱ्यातही आयएसओ ६४०० ठेवायची पाळी येते तीच मुळात उजेड कमी आला म्हणून.

हे कळलं नाही तर काय होतं? नॉइजच्या भीतीनं पोरं आयएसओ ४०० वर अडकवून ठेवतात, फोटो काळा येतो, मग घरी येऊन कॉम्प्युटरवर उजळ करतात. उजेड तेवढाच आला होता, तेव्हा नॉइज तेवढाच निघतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत तर जास्त निघतो, आणि जेपेगमध्ये काढलेला असेल तर त्वचेचे रंगही जातात. त्यापेक्षा आयएसओ ३२०० वर नीट उजळ काढलेला फोटो कधीही बरा.

प्रिंटवाली म्हणून एक सांगते. नुसते करडे दाणे त्यामानाने निरुपद्रवी असतात. छोट्या प्रिंटमध्ये दिसतही नाहीत, मॅट कागदावर बरेच मुरतात. रंगीत ठिपके मात्र वाईट. काळ्या कापडावर हिरवट-जांभळे डाग उठले की गिऱ्हाईकाला वाटतं आमच्या प्रिंटरची शाई बिघडली. भांडण माझ्याशी होतं, कॅमेरा तुमचा असतो!

उजेड आत येतो कसा

तीन वाटा आहेत. किती वेळ दार उघडं ठेवलं, म्हणजे शटर. दार किती मोठं, म्हणजे लेन्सचं अॅपर्चर. आणि अंगण किती मोठं, म्हणजे सेन्सरचा आकार. पैसे कुठे घालायचे हे या तिघांच्या हिशोबावरच ठरतं.

शटरची वाट फुकट आहे, पण समोरची वस्तू हलत नसेल तरच. मसाल्याचं पाकीट हलत नाही. ट्रायपॉडवर कॅमेरा लावा, सेल्फ टायमर लावा, आयएसओ १००, शटर अर्धा सेकंद, एक सेकंद, जितकं लागेल तितकं. पाच-सहा वर्षं जुना, सेकंडहँड घेतलेला कॅमेरासुद्धा इथे स्वच्छ फोटो देईल. खिडकीला पांढरं कापड, दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा तुकडा, झालं. ॲमेझॉनला मुख्य फोटोमागे शुद्ध पांढरी पार्श्वभूमी लागते, तीही भरपूर उजेडातच नीट मिळते. तुमचा धंदा हाच असेल तर पुढचं वाचून मोठ्या बॉडीच्या मोहात पडू नका. पैसे पॅकेजिंगवर घाला.

हळदीत नाचणारी करवली मात्र हलते. तिला १/२०० सेकंदाच्या आसपास शटर लागतं, त्याहून हळू केलं तर हात पुसट येतात. म्हणजे लग्नवाल्यांना ही वाट बंद. उरल्या दोन.

लेन्स बघू. बॉडीसोबत मिळणारी १८-५५ ची किट लेन्स झूम करून ५५ ला नेली की तिचं दार जास्तीत जास्त एफ/५.६ इतकंच उघडतं. ५० मिमीची एफ/१.८ लेन्स, जी जवळपास प्रत्येक कंपनीची सर्वात स्वस्त लेन्सांपैकी एक असते, तिचं दार कितीतरी मोठं. ५.६ ला १.८ ने भागा, ३.११ येतात. त्याचा वर्ग करा, ९.७. म्हणजे तेवढ्याच वेळात साडेनऊ पटींहून जास्त उजेड. किट लेन्सला जिथे आयएसओ ६४०० लागत होता तिथे ही लेन्स ६४० च्या आसपास काम भागवते. बॉडी तीच, मांडव तोच, झालरी त्याच.

आता सेन्सर. फुलफ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिमी, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. सुरुवातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत असतो तो एपीएस-सी, निकॉन-सोनीचा सुमारे ३६७ आणि कॅननचा सुमारे ३३० चौरस मिलिमीटर. मायक्रो फोर थर्ड्स २२५. एक इंची म्हणवणारा ११६ च्या आसपास (नावात इंच असला तरी कुठल्याच बाजूला एक इंच भरत नाही, नाव जुन्या व्हिडिओ ट्यूबवरून आलंय). आणि लांबलचक झूमवाले कॉम्पॅक्ट कॅमेरे, ज्यांचा '६० एक्स' बघून लोक भुलतात, त्यांच्या पोटात बहुतेक वेळा फक्त २८ चौरस मिलिमीटरचा सेन्सर असतो. दिवसा चंद्रापर्यंत झूम करा, संध्याकाळी सातनंतर त्याच्याकडून लग्नाची अपेक्षा करू नका.

एपीएस-सी वरून फुलफ्रेमवर गेलात तर अंगण साधारण सव्वादोन ते अडीच पट मोठं होतं. फायदा नक्की आहे. पण किट लेन्सवरून एफ/१.८ वर गेल्यावर मिळालेल्या साडेनऊ पटींशी तो ताडून बघा, आणि दोन्हींची किंमतही ताडून बघा.

अजून एक हिशोब करून दाखवते, कारण हा शोरूममध्ये कुणी करून देत नाही. सेन्सरचं क्षेत्रफळ भागिले अॅपर्चरच्या आकड्याचा वर्ग, एवढंच. फुलफ्रेम बॉडीवर एफ/४ ची लेन्स: ८६४ भागिले १६, म्हणजे ५४. एपीएस-सी बॉडीवर एफ/१.८ ची लेन्स: ३६७ भागिले ३.२४, म्हणजे ११३. शटर तेच आणि फ्रेममध्ये माणूस तेवढाच मोठा धरला, तर स्वस्तातली जोडी महागड्या जोडीच्या दुप्पट उजेड गोळा करते. शेजारच्या फोटोग्राफरकडे फुलफ्रेम आहे म्हणून न्यूनगंड बाळगणाऱ्यांनी आधी त्याच्या लेन्सवर काय आकडा लिहिलाय ते बघावं.

एक अडचण आहे, ती लपवत नाही. एफ/१.८ वर फोकसची जाडी फार कमी असते. नवरा-नवरी पुढेमागे उभे असतील तर एकाचा डोळा शार्प, दुसरीचा पुसट. जोडीला एफ/२.८, आणि पंधरा नातेवाइकांच्या ग्रुपला एफ/५.६ लागेलच. तिथे लेन्सचा फायदा संपतो. मग काय करायचं? उजेड आपण न्यायचा. फ्लॅश छताकडे किंवा मांडवाच्या पांढऱ्या कापडाकडे वळवून मारला की उजेड मऊ पसरून खाली येतो आणि आयएसओ ६४०० वरून ८०० वर उतरतो. समोरून तोंडावर मारू नका, सगळे कपाळ चमकलेले आणि मागे काळोख. कापड पिवळं-केशरी असेल तर उजेडही त्याच रंगाचा येईल, तेवढं बघून ठेवा.

त्या मुलाला मी हेच सांगितलं. कर्ज नको, ४५ मेगापिक्सल तर नकोच. ५० ची एफ/१.८ आणि एक साधा फ्लॅश. दोन्ही मिळून नव्या बॉडीच्या एका कोपऱ्याएवढ्या पैशात बसले. पुढच्या हळदीचे प्रिंट माझ्याच दुकानात काढले, १२ बाय ३६ ची जोडपानं. अडवलेले २० हजार काही आले नाहीत, ते गेले ते गेलेच. पण कर्जाचा हप्ता वाचला.

मेगापिक्सलचं काय मग?

अंगण तेवढंच ठेवून २४ मोठ्या वाट्यांऐवजी ४५ लहान वाट्या मांडल्या तर अंगणात पडणारं एकूण पाणी बदलतं का? नाही. प्रत्येक वाटीत कमी पडतं एवढंच. म्हणून जास्त मेगापिक्सलचा फोटो स्क्रीनवर १०० टक्के झूम केला की जास्त दाणेदार दिसतो, पण दोघांचा १२ बाय १८ प्रिंट काढून शेजारी ठेवला तर नॉइजमध्ये फरक फारसा सापडत नाही. तेव्हा 'मेगापिक्सल वाढले की नॉइज वाढतो' हेही तंतोतंत खरं नाही आणि 'कमी होतो' हे तर नाहीच. फक्त हार्ड डिस्क लवकर भरते.

अगदी गडद काळोखात मात्र कमी आणि मोठ्या वाट्यांचा फायदा होऊ शकतो. २०१४ साली सोनीनं ए७एस काढला तो मुद्दाम १२ मेगापिक्सलचा, रात्रीच्या व्हिडिओसाठी. त्याआधी २००७ चा निकॉन डी३ सुद्धा १२ मेगापिक्सलचाच, आणि कमी उजेडातल्या कामासाठी त्या काळी वृत्तछायाचित्रकार त्याच्यावर खूश होते. डी३ चा फोटो ४२५६ बाय २८३२ पिक्सलचा. १२ बाय १८ इंचांच्या पानावर पसरला तरी इंचाला २३६ पिक्सल मिळतात, अल्बमला ते पुरतात. आणि ४ बाय ६ चा प्रिंट ३०० डीपीआयनं काढायला १२०० बाय १८००, म्हणजे सव्वादोन मेगापिक्सलसुद्धा लागत नाहीत. ३५ बाय ४५ मिलिमीटरच्या पासपोर्ट फोटोबद्दल तर बोलूच नका. पासपोर्टचा गाळा टाकणाऱ्यानं पैसे दोन चांगल्या लाइटवर घालावेत, कॅमेरा दहा वर्षांपूर्वीचा असला तरी गिऱ्हाईकाला कळणार नाही.

खोक्यावरचे आकडे

'आयएसओ १०२४००' असं लिहिलेलं असतं. बाईकच्या मीटरवर १६० पर्यंत आकडे असतात म्हणून काय ती १६० नं पळते? नीट वाचलंत तर त्यातले वरचे एक-दोन टप्पे 'एक्स्पांडेड' म्हणून वेगळे दिलेले असतात, कॅमेऱ्यात ते एच१, एच२ अशा नावानं दिसतात. ते फक्त मोजणीला आहेत. शिवाय आयएसओ ठरवायच्या प्रमाणकात कंपन्यांना एकाहून जास्त पद्धती वापरायची मुभा आहे, त्यामुळे एका कंपनीचं ३२०० आणि दुसरीचं ३२०० तंतोतंत सारखं असेलच असं नाही. तुलना करताना दोन्हींवर शटर आणि अॅपर्चर सारखंच ठेवा आणि फोटो सारखाच उजळ आलाय का ते बघा.

दुसरी मेख म्हणजे कॅमेऱ्यातलं नॉइज रिडक्शन. जेपेग फोटोवर कॅमेरा स्वतःच इस्त्री फिरवतो. दाणे जातात, पण त्याबरोबर पैठणीची जर जाते, भुवयांचे केस जातात, अक्षता पिठासारख्या दिसतात. मागच्या छोट्या स्क्रीनवर हे काही कळत नाही, तिथे सगळं गुळगुळीत आणि सुंदर. म्हणूनच विकणारा तिथेच दाखवतो. रॉ फाइलमध्ये ही इस्त्री नसते, खरा माल तिथे दिसतो.

"पण आता एआय आहे ना, नॉइज काढून टाकतं." काढतं, आणि चांगलं काढतं. लाइटरूममध्ये एआय डीनॉइज एप्रिल २०२३ पासून आहे. पण ते चांगलं चालायला रॉ फाइल आणि बरं ग्राफिक्स कार्ड असलेला कॉम्प्युटर लागतो, आणि एकेका फोटोला वेळ लागतो. एका लग्नाचे ८०० फोटो, तुमच्याकडे जुना लॅपटॉप, आणि गिऱ्हाईकाला सोमवारी फोटो हवेत. हा वेळ तुमच्या कोटेशनमध्ये धरलाय का? दहा-वीस महत्त्वाच्या फोटोंसाठी ही सोय सोन्यासारखी आहे. अख्खं लग्न तिच्या भरवशावर काढू नका.

ऑनलाइन तुलना करायची असेल तर डीपीरिव्ह्यूचं स्टुडिओ सीन आणि डीएक्सओमार्क, दोन्ही फुकट बघता येतात. डीपीरिव्ह्यूवर 'कॉम्प' आणि डीएक्सओमार्कच्या आलेखात 'प्रिंट' निवडा, म्हणजे दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो एकाच आकाराला आणून तुलना होते. नाहीतर जास्त मेगापिक्सलवाल्यावर उगाच अन्याय होतो. डीएक्सओमार्कचा 'स्पोर्ट्स' नावाचा आकडा कमी उजेडाचा आहे, आयएसओच्या भाषेत दिलेला. दोन बॉडींमध्ये त्यात २५ टक्के फरक असेल तर तो एक तृतीयांश स्टॉपचा, डोळ्याला जेमतेम जाणवेल इतका. तेवढ्यासाठी १५ हजार जास्त देऊ नका.

दुकानात जाताना पिशवीत काय न्यायचं

स्वतःचं मेमरी कार्ड, काळ्या कापडाचा तुकडा, जरीचा काठ आणि बारीक अक्षरांची एक लग्नपत्रिका. हसू नका, एवढ्या तीन गोष्टींत लग्नाचं अख्खं काम आलं. दुकानातल्या काउंटरवर भगभगीत लाइट असतात, तिथे सगळेच कॅमेरे चांगले. शेल्फच्या खालच्या कप्प्यात किंवा काउंटरच्या मागच्या सावलीत तिन्ही वस्तू मांडा. कॅमेरा मॅन्युअलवर, रॉ आणि जेपेग दोन्ही चालू, कॅमेरा काउंटरवर टेकवून स्थिर. अॅपर्चर एकच ठेवा. आयएसओ ८००, १६००, ३२००, ६४००, १२८००, आणि प्रत्येक वेळी शटर दुप्पट वेगवान करत जा म्हणजे फोटोचा उजळपणा सारखा राहील. नंतर आयएसओ १६०० वर मुद्दाम दोन स्टॉप काळा फोटो काढा. तो घरी उजळ करून बघा, सावलीत आडव्या-उभ्या रेघा निघतात का.

दुकानदार कुरकुर करेल. करू दे. ५०-६० हजार देणारं गिऱ्हाईक दहा मिनिटं मागू शकतं.

मग, आणि ही पायरी कुणी करत नाही, ३२०० आणि ६४०० च्या फोटोंचे १२ बाय १८ प्रिंट काढा. जवळच्या कुठल्याही लॅबमध्ये काढा, बॉडीच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नाही. अल्बम मांडीवर घेऊन बघतो तेवढ्या अंतरावरून बघा, नाक लावून नाही. घरातल्या फोटोग्राफीतलं काही न कळणाऱ्या माणसाला दाखवा, कारण तुमचं गिऱ्हाईक तसंच असणार आहे. त्याला ज्या आयएसओपर्यंत खटकत नाही ती त्या कॅमेऱ्याची तुमच्या धंद्यापुरती मर्यादा. ती कागदावर लिहून ठेवा आणि ऑटो आयएसओची कमाल मर्यादा कॅमेऱ्यात तिथेच लावा.

एक गोष्ट नॉइज समजून फसू नका. एलईडीच्या उजेडात कधीकधी फोटोवर आडवे गडद पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त एलईडी तिच्या तालावर लुकलुकतात, ते हे पट्टे. शटर १/१०० किंवा १/५० वर आणलं की बहुतेक वेळा जातात. कॅमेरा चांगला आहे, मांडववाल्याचे लाइट स्वस्त आहेत.

सेकंडहँड घेणार असाल तर अजून एक चाचणी. लेन्सला झाकण लावा, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करा, आयएसओ ८०० वर ३० सेकंदांचे दोन फोटो काढा. नॉइज दोन्ही फोटोंत वेगवेगळ्या जागी असेल. जे रंगीत ठिपके दोन्हींत अगदी एकाच जागी आहेत ते हॉट पिक्सल. ३० सेकंदांत थोडे निघतातच, त्याचं काही नाही. पण झाकण लावून साध्या १/६० वर आयएसओ ४०० लाही तेच ठिपके दिसत असतील तर भाव पाडून मागा. सर्व्हिस सेंटरमध्ये ते मॅप करून घालवता येतात, तो खर्च विकणाऱ्याच्या किमतीतून वजा करायचा.

आता पैशाचं. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, त्यावर ५ लाखांपर्यंत किशोर गट. लग्नाच्या कामाची सुरुवात माझ्या मते शिशुच्या आत बसवावी: सेकंडहँड एपीएस-सी बॉडी, ३५ किंवा ५० ची एफ/१.८, एक फ्लॅश, दोन बॅटऱ्या, दोन कार्डं. नुसती मोठी बॉडी हवी म्हणून किशोरमध्ये जाऊ नका. बॉडीचं नवं मॉडेल आलं की जुनीची किंमत घसरते, चांगली लेन्स तेवढी घसरत नाही आणि पुढच्या बॉडीवरही चालते, फक्त माउंट तोच ठेवा. एखादी मोठी ऑर्डर आली, रात्रीचं रिसेप्शन, मोठं लॉन, तर फुलफ्रेम बॉडी त्या दिवसापुरती भाड्यानं आणा आणि भाडं कोटेशनमध्ये वेगळं दाखवा. पुण्या-मुंबईत तर सोडाच, आता जिल्ह्याच्या गावीही भाड्यानं देणारे सापडतात. वर्षात असं भाडं किती वेळा दिलं ते वहीत मांडत गेलात की घ्यायची वेळ कधी आली ते वहीच सांगेल.

भाड्यानं आणून टेस्ट करायची असेल तर चातुर्मासात करा. लग्नं बंद असतात, कॅमेरे कपाटात पडून असतात, दर बोलून कमी करता येतो. तुळशीची लग्नं लागली की तारखा सुरू होतील आणि मग कुणाला वेळ नसेल. प्रिंट त्याच्या आत काढून ठेवा.